हरूदातील चित्रवही

आपल्या पंचांगात पानगळ ही शिशिराची. शरद म्हटला म्हणजे महाराष्ट्रातील माणसास आठवते ते धुऊन निघालेले आकाश, कोजागरीचे आटीव दूध आणि ऑक्टोबरातील भाजणारे ऊन. त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने काश्मीरच्या खोऱ्यात जाऊन राहिलेल्या मराठी माणसाचा ऋतूंचा हिशेब तेथे चुकतो. तेथे कोजागरीच्या सुमारासच चिनार पिवळा पडू लागतो आणि नोव्हेंबरच्या आरंभी सारे खोरे तांबूस होऊन जाते. काश्मिरी भाषेत या ऋतूला ‘हरूद’ म्हणतात. हरूदात पहाटे धावावयास जावे आणि वाटेत थांबून चित्रे काढावी, असा माझा दोन वर्षे परिपाठ होता.

धावणे आणि चित्र काढणे यांचे जमावयाचे कसे, असे कोणी विचारील. एकाला वेग हवा, दुसऱ्याला स्वस्थता. परंतु अनुभव निराळा आहे. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर वसलेले. समुद्रकाठी वाढलेली छाती तेथे थोड्याच अंतरात लोहाराच्या भात्यासारखी चालू लागते. तशात खिशातून वही काढली, तर पहिले मिनिटभर हात ठरत नाही. तेव्हा त्या मिनिटात मोठ्या रेषाच काढाव्या लागतात : दल सरोवराची आडवी कड, झबरवान डोंगराची उतरण, शंकराचार्य टेकडीचा उंचवटा. श्वास जागेवर येईल तसतशी रेषा बारीक होते. पण तोवर अंगावरचा घाम गार पडू लागतो आणि उठणे भाग पडते. चित्रातून काय गाळावे हा विवेक, मला वाटते, त्या गार घामानेच मला शिकविला.

सामान अर्थातच बेताचे. तळहाताएवढी वही, मऊ शिसपेन्सिल, एक कुंचला, पाण्याची कुपी आणि चार रंग : पिवळी माती, गेरू, किरमिजी आणि निळा. पहाटेच्या दवात कागदावरचा रंग लवकर वाळत नाही. मग वही उघडीच हातात धरून पुढचा टप्पा धावावयाचा. वाऱ्याने ती वाळते. कधी एखादा ओघळ डोंगरावरून सरोवरात उतरतो, आणि तो तसाच राहू दिलेला बरा दिसतो.

चिनारचा रंग मात्र सहजासहजी साधत नाही. पानातील हिरवे द्रव्य थंडीच्या चाहुलीने विरू लागले, की त्याच्या आड आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा मागाहून तयार होतो. दिवस स्वच्छ उन्हाचे आणि रात्री गार असल्या, म्हणजे तो विशेष खुलतो. जलरंगातही हाच क्रम पाळावा. आधी पिवळ्याचा हात, तो सुकल्यावर वरून पातळ किरमिजी. एकदम तांबडा लावला तर झाड पेटल्यासारखे दिसते. दुकानांतून मिळणाऱ्या रंगीत चित्रपत्रांवर असेच पेटलेले चिनार असतात, आणि सारे खोरे माणसांवाचून ओस पडल्यासारखे दिसते. इंदूरचे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे १९३० नंतरच्या दशकात काही वर्षे काश्मीरच्या प्रवासी खात्यात कामास होते. प्रवाशांना भुलविणारे दृश्य आणि डोळ्यांना खरे दिसणारे दृश्य यांतील अंतर त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिले असेल!

माझ्याही पहिल्या वर्षीच्या चित्रांत माणसे नव्हती. नसीम बागेतले मोगल काळापासूनचे चिनार आणि मागे पाणी, एवढाच विषय. वही वाढत गेली ती धावेचा पल्ला वाढला तेव्हा. बागेचे कुंपण सुटले, वाट खेड्यांत शिरली, आणि ज्याला आम्ही पाहुणे पानगळ म्हणतो तो तेथील लोकांचा घाईचा हंगाम आहे हे ध्यानी आले. भाताच्या उडव्या रचल्या जात होत्या. अंगणात अक्रोड वाळत होते. खिडक्यांच्या चौकटींवर वांग्यांच्या आणि दुधीच्या फोडींच्या माळा लटकत होत्या. बर्फाने वाटा बंद झाल्या म्हणजे हीच भाजी. सफरचंदांच्या पेट्यांवर खिळे ठोकल्याचा आवाज तर वाटभर सोबतीला असे.

एका रविवारी मोटारीने पांपोरपर्यंत गेलो आणि तेथील केशराच्या मळ्यांच्या बांधांवरून धावलो. ऐकून होतो की सारी भूमी जांभळी होते. तसे नाही. दुरून दिसते ती मातकट तपकिरी जमीन आणि तिच्यावर जांभळी झाक. जवळ जावे तेव्हा फुले दिसतात, आणि प्रत्येक फुलामागे वाकलेली एक पाठ. फूल कोमेजण्याआधी सकाळीच खुडावे लागते. त्यातील तीन तांबडे तंतू तेवढे केशर. एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुले लागतात. त्या मळ्याचे चित्र मी चार वेळा काढले. प्रत्येक खेपेस जांभळा कमी होत गेला आणि पाठी वाढत गेल्या.

हरूदाच्या अखेरीस खोऱ्यावर निळसर धूर तरंगतो. धावणाऱ्याच्या छातीस तो बाधतो, यात शंका नाही. पण डोंगरांच्या रांगा त्यामुळे एकामागे एक सुट्या होतात आणि जलरंगाचे निम्मे काम परस्पर होते. हा धूर येतो गळलेल्या पानांचाच. बाया मोठ्या झाडूंनी चिनारची पाने लोटून ढीग करतात, ते पेटवितात आणि वर पाणी शिंपडून विझवीत जातात. उरतो तो हलका कोळसा पोत्यांत भरून घरी जातो. हिवाळ्यात तोच कांगडीत, म्हणजे वेताच्या टोपलीतल्या मातीच्या शेगडीत, फेरनाखाली ऊब देतो. दुसऱ्या वर्षीच्या वहीतील शेवटची पाच पाने या कामाची आहेत. त्यांत चिनारचे खोड तेवढे कडेला येते. मध्ये झाडू, पोते आणि वाकलेली एक म्हातारी. मला थांबलेला पाहून तिने खुणेनेच पाय उचलावयास सांगितले. मी तिच्या ढिगावर उभा होतो.