हौशी मोटारस्पर्धांतील वर्गवारीचा प्रश्न

आखाड्यात कुस्तीची जोड लावताना पंच दोन्ही मल्लांचे वजन पाहतात. ६० किलोच्या पोरासमोर ९० किलोचा गडी उभा केला, तर मैदान हुर्यो केल्यावाचून राहत नाही. बेळगावकडील मंडळींस हे सांगावयास नकोच. मोटारगाड्यांच्या स्पर्धेत मात्र केवळ काट्यावर भागत नाही. वजन, इंजिनाचे आकारमान, अश्वशक्ती, ब्रेक, टायर यांपैकी काय मोजावे, हाच तेथील मूळ प्रश्न होय.

अमेरिकेत १९४४ साली ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था निघाली. आठवडाभर नोकरीधंदा करून सुटीच्या दिवशी गाडी पळविणारे हौशी लोक हा तिचा कणा. प्रारंभी गाड्यांचे वर्ग इंजिनाच्या आकारमानावरून पाडले जात. पुढे गाडीची एकंदर कुवत पाहून ‘ए’, ‘बी’ असे वर्ग ठरू लागले. गाडी बाजारात विकली जाणारी हवी, ही त्यामागची भूमिका. परंतु कारखानदारच नियमावली पुढ्यात ठेवून गाडी बांधू लागला म्हणजे काय करावे?

कॅरोल शेल्बी यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. फोर्ड कंपनीची ‘मस्टँग’ १९६४ साली बाजारात आली, ती चार आसनांची. क्लबच्या वर्गासाठी दोन आसनांची गाडी हवी होती, आणि १ जानेवारी १९६५ पूर्वी अशा १०० गाड्या तयार असणे आवश्यक होते. शेल्बींनी मागचे आसन काढून तेथे जादा चाक ठेविले, इंजिनाची शक्ती २७१ वरून ३०६ अश्वशक्तीवर नेली आणि १०० गाड्यांची अट पुरी केली. हीच ‘जीटी ३५०’. निव्वळ शर्यतीसाठी सज्ज केलेल्या गाड्या त्यांत सुमारे तीन डझनच होत्या. १९६५, १९६६ व १९६७ अशी तीन वर्षे ‘बी’ वर्गाचे राष्ट्रीय विजेतेपद याच गाडीकडे राहिले.

नियमाचा भंग कोठेही झाला नव्हता. शंभराच्या अटीमागील विचारही रास्त होता. एकाच धनिकासाठी घडविलेली एकुलती एक गाडी मैदानात येऊ नये, प्रतिस्पर्ध्याकडे जे आहे ते इतरांसही विकत घेता यावे, हा तो विचार. पण गाडी दुकानात मिळते, एवढ्याने ती सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात येते असे नाही.

मिळण्याचाही प्रश्न साधा नसतो. १९८८ साली शेव्हरोले ‘कमॅरो’ गाडीसाठी ‘वन एल ई’ नावाचा संच निघाला. विक्रीच्या स्थितीतच धावणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींत तिचे ब्रेक तापून निकामी होत आणि वळणावर पेट्रोलचा पुरवठा तुटे. त्यावर हा उपाय होता. मोठे ब्रेक आणि आतून आडपडदे घातलेली टाकी त्यात होती. जाहिरातीत त्याचे नाव नव्हते. ठराविक जोडसामान मागवून वातानुकूलन नाकारणाऱ्या गिऱ्हाइकासच तो मिळे. पहिल्या वर्षी अशा अवघ्या चार गाड्या निघाल्या. माहितगारास वाट सापडली, इतरांस दुकानाचे दारही दिसले नाही!

उलट बाजूही विसरता येत नाही. एखादा कसबी चालक सतत जिंकतो म्हणून त्याची गाडी वरच्या वर्गात ढकलली, तर तीच गाडी बाळगणाऱ्या बाकीच्या सर्वांना विनाकारण शिक्षा होते. जिंकले कोण, चालक की गाडी, हे एका दिवसाच्या निकालावरून कळत नाही.

याच क्लबच्या ‘सोलो’ स्पर्धेत मोकळ्या पटांगणात शंकू मांडतात आणि एकेक गाडी घड्याळाशी झुंजते. कोणते मॉडेल कोणत्या वर्गात, हे तेथे नावानिशी छापलेले असते. निरनिराळ्या वर्गांची तुलना करावयाची झाल्यास वेळेस गुणकाने गुणतात. समजा, मंद वर्गाचा गुणक ०.८० व वेगवान वर्गाचा ०.८४ आहे. पहिल्याचे ६० सेकंद ४८ धरले जातील, तर दुसऱ्याचे ५८ सेकंद ४८.७२, म्हणजे मंद गाडीवाला पुढे! हे गुणक कायमचे नसतात, निकाल पाहून ते बदलले जातात. वर्गवारीविषयी सभासदांची पत्रेही समिती विचारात घेते. अर्थात, आपलीच गाडी वरच्या वर्गात घाला, असे लिहिणारा सभासद विरळाच.