जुन्या नौकेचे दोर



मुंबईच्या गोदीत वाडिया कुलातील कारागिरांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडात हार्टलपूल येथे ती अद्यापि तरंगत आहे. अशा नौकेची डोलकाठी उभी राहते ती दोन्ही बाजूंच्या व पुढच्या-मागच्या दोरांवर. ते सैल पडले तर काठी हिसके खाऊन अखेर मोडते. परंतु फाजील आवळले तर काठी तळाच्या लाकडावर दाबली जाते, कडा वर ओढल्या जातात, फळ्यांचे सांधे उघडतात आणि पाणी आत शिरते. पोलादी तारेचे दोर जुन्या दोरांइतके लांबत नाहीत. तेथे हा धोका अधिक.

जीर्ण दोर बदलावा तो एकेक, बाकीचे काठी सांभाळून असताना. नवा दोर प्रथम थोडा लांबतो. म्हणून काही दिवसांनी तो पुनः आवळावा लागतो.

आपल्या वसतिगृहाचे सर्व नियम एकदम बदलावे, असे काही तरुण म्हणतात; एकही बदलू नये, असे वडीलधारे म्हणतात. आम्ही उभयतांस नम्रपणे विनवितो : सर्व दोर एका रात्रीत कापू नका, आणि कुजलेला दोर केवळ वडिलार्जित म्हणून ठेवूही नका. नौकेत मुले आपलीच आहेत.