शाळेतील यंत्र आणि शिक्षकाची तयारी

शाळेत नवे यंत्र आले की त्याचे स्वागत थाटाने होते. नारळ फुटतो, फीत कापली जाते, यंत्राला हळदकुंकू वाहिले जाते आणि गुरुजी एका बाजूला उभे राहून पाहुण्यांच्या चहाची व्यवस्था पाहत असतात. समारंभ आटोपल्यावर त्या यंत्राशी संसार करावयाचा असतो तो याच बाजूला उभ्या असलेल्या माणसाला. त्याची तयारी कोणी, केव्हा आणि किती दिवस करून घेतली, यावर त्या यंत्राचे शाळेतील भवितव्य ठरते. गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा आपल्या देशाचा अनुभव पाहता हीच गोष्ट बहुधा सर्वांत शेवटी आठवलेली दिसते.

दिल्लीत दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण सप्टेंबर १९५९ मध्ये सुरू झाले आणि दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९६१ मध्ये, फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने तेथील माध्यमिक शाळांसाठी दूरचित्रवाणीवरील पाठ आरंभले. प्रयोगशाळा अपुऱ्या, उपकरणे त्याहून अपुरी. तेव्हा एका कुशल शिक्षकाने केलेला प्रयोग अनेक वर्गांना एकाच वेळी दाखवावा, हा हेतू सरळ होता. मात्र पाठ पडद्यावर झाला तरी वर्गातील शिक्षकाला रजा मिळत नाही, हे योजकांना प्रारंभीच उमगले होते. पाठापूर्वी मुलांना विषयाच्या उंबरठ्यावर आणून उभे करावयाचे आणि पाठ संपल्यावर जे डोळ्यांपुढून निसटले ते पुन्हा पकडून द्यावयाचे, हे काम त्याचेच होते. ज्याला हे सांगितले आणि करून दाखविले गेले नाही, त्याच्या दृष्टीने तो तास म्हणजे वह्या तपासण्याची आयती मिळालेली सवड.

या प्रश्नाचा सर्वांत भव्य प्रयोग आपल्याकडे झाला तो १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात. अमेरिकेचा ‘एटीएस-६’ हा उपग्रह त्या वर्षापुरता भारताच्या वापरासाठी मिळाला होता. आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत तारेच्या जाळीचे, दहा फूट व्यासाचे ग्राहक-ताट उभारून उपग्रहावरून थेट कार्यक्रम पोहोचविले गेले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता आणि हिंदी, उडिया, तेलुगू, कन्नड या प्रक्षेपणाच्या चार भाषांत मराठीला जागा नव्हती. तथापि या प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा ज्यांनी वाहिली ते एकनाथ वसंत चिटणीस जन्माने कोल्हापूरचे. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालकपद सांभाळणारे प्रा. यशपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून तेथे गेले होते.

सकाळचा दीड तास शाळेतील मुलांसाठी राखून ठेवलेला असे. चार भाषांत वाटणी केल्यावर एकेका भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत. ज्या खेड्यात कित्येकांनी चित्रपटही पाहिला नव्हता, तेथे शाळेच्या पडवीत चित्र हलू-बोलू लागले तेव्हा झालेल्या गर्दीची कल्पना सहज करता येईल. पुढे झालेल्या पाहणीत मुलांच्या भाषेत आणि जाणून घेण्याच्या वृत्तीत फरक आढळला. शालेय गुणांत तसा तो आढळला नाही. हा निष्कर्ष पुष्कळांना निराशाजनक वाटला. वस्तुतः त्यात आश्चर्य करण्यासारखे काही नव्हते. साडेबावीस मिनिटांनंतरचे उरलेले पाच तास जुन्याच रीतीने चालत होते.

या प्रयोगाची चर्चा होते तेव्हा उपग्रहाची, ताटांची आणि गर्दीची आठवण निघते. त्याचा खरोखर दूरदृष्टीचा भाग मात्र बहुधा विस्मृतीत जातो. तो भाग असा की, त्याच वर्षी त्याच पडद्यापुढे मुलांच्या जागी शिक्षकांना बसविण्यात आले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाच्या अध्यापनाचा बारा दिवसांचा वर्ग आखला आणि सुट्ट्यांच्या काळात दोन वेळा मिळून सुमारे ५०,००० शिक्षकांनी तो पुरा केला. इतक्या शिक्षकांना एखाद्या अध्यापक विद्यालयात बोलवावयाचे ठरविले असते तर कैक वर्षे लागली असती. शिवाय दोन शिक्षकी शाळेतला एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की उरलेल्याने चार वर्ग एकट्याने सांभाळावयाचे, ही अडचण होतीच. येथे प्रशिक्षणच खेड्यात आले. सकाळचा पाठ पडद्यावर, जोडीला नभोवाणीचा कार्यक्रम आणि हातात कृतिपुस्तिका. त्यानंतर आधी तयार केलेल्या एका सहकारी शिक्षकाच्या देखरेखीखाली, गावात मिळेल त्या साहित्यातून प्रयोग स्वतःच्या हाताने करून पाहावयाचे. केवळ पडदा पुरेसा नाही, पडद्याजवळ एक जाणता माणूस हवा आणि पाहणाऱ्याचे हात मोकळे न राहता कामात गुंतले पाहिजेत, ही जाण त्या रचनेत होती. पुढील काळात याहून कितीतरी अधिक शक्तिमान यंत्रे आली; परंतु ही जाण त्यांच्याबरोबर आलीच असे म्हणता येत नाही.

वर्ष संपले, उपग्रह आपल्या मूळ मालकांकडे परत गेला आणि बारा दिवसांच्या त्या शिदोरीवर शिक्षकाने पुढची वाट चालावी अशी स्थिती झाली. तेराव्या दिवशी वर्गात अडचण आली तर विचारावयाचे कोणाला?

याचे उत्तर त्याच सुमारास मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, अगदी निराळ्या मार्गाने शोधले जात होते. तेथे १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा शाळांत प्रयोगाधिष्ठित विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू केला होता. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यातील सहावी ते आठवीच्या वर्गांना लागू झाला आणि १९८२ पासून एकलव्य या संस्थेने त्याची जबाबदारी उचलली. येथे यंत्र म्हणावे असे फारसे काही नव्हते. स्वस्त भिंगे, परीक्षानळ्या, चुंबक, काड्या यांची एक पेटी प्रत्येक शाळेला दिलेली असे. परंतु त्या पेटीसाठी शिक्षकाची जी तयारी करून घेतली गेली तशी लाखो रुपयांच्या यंत्रांसाठीही क्वचितच झाली असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे तीन आठवडे शिक्षक स्वतः विद्यार्थी होऊन प्रत्येक प्रयोग करीत. मुंबई-दिल्लीहून आलेले शास्त्रज्ञ आणि प्राध्यापक त्यांच्याबरोबर त्याच बाकांवर बसत, आणि एखाद्या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांनाही चटकन देता येत नसे, हे पाहून शिक्षकांचा संकोच मावळे. त्यानंतर वर्षभर दरमहा एका ठरावीक शाळेत आसपासच्या शिक्षकांची गोष्ठी भरे. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता अडचणीचा प्रश्न विचारला, पेटीतील काय फुटले, अशा गोष्टींची तेथे मोकळेपणाने चर्चा होई. मधून मधून कोणीतरी शाळेत येऊन जाई आणि त्याचा हेतू तपासणीचा नसून सोबतीचा असे. परीक्षासुद्धा बदलली होती. पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहावयाची आणि प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावयाचा. परीक्षा जुनीच ठेवून अध्यापन नवे करावयास सांगणे म्हणजे शिक्षकाची कोंडी करणे होय, हे तेथे ओळखले गेले होते.

याच वातावरणात १९७८ साली पुण्याच्या एका मोटार कारखान्यातील तरुण अभियंता, अरविंद गुप्ता, जाऊन राहिला. काडेपेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी जोडून भूमितीच्या आकृती उभ्या करण्याचे त्याचे खेळणे तेथलेच. ते पुढे पुण्यातून देशभर गेले. होशंगाबादचा उपक्रम मध्य प्रदेश शासनाने २००२ मध्ये बंद केला. तीस वर्षे चाललेली मासिक गोष्ठी एका आदेशाने थांबविता येते, आणि ती पुन्हा सुरू करावयास मात्र आदेश पुरत नाही.

प्रशासनाच्या कागदांतच या दुखण्याचे एक मूळ आहे. यंत्र मोजता येते. त्याची खरेदी मार्चअखेरपूर्वी पुरी करता येते, त्याची नोंद जडवस्तूंच्या नोंदवहीत होते आणि खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र वर पाठविता येते. शिक्षकाच्या मनात वाढलेला आत्मविश्वास कोणत्या नोंदवहीत लिहावयाचा? त्यातून आणखी एक गंमत होते. यंत्र बिघडले तर त्याची किंमत आपल्या पगारातून वसूल होईल, या धास्तीने मुख्याध्यापक ते कुलपात ठेवतात. लेखापरीक्षकाला ते धडधाकट सापडते, कारण त्याला कोणी हात लावलेला नसतो. प्रशिक्षित शिक्षकाची बदली होते तेव्हा तो आपली विद्या घेऊन जातो आणि यंत्र मागे राहते. नवा येतो त्याला कपाटाची किल्ली मिळते, विद्या मिळत नाही.

संगणकाच्या बाबतीत हेच घडले. १९८४ मध्ये ‘क्लास’ या नावाने केंद्र शासनाने शाळांतील संगणक-साक्षरतेचा उपक्रम हाती घेतला. ब्रिटनमध्ये शाळांसाठी बनविलेले बीबीसी मायक्रो हे संगणक प्रारंभी सुमारे २५० शाळांत दिले गेले. प्रत्येक शाळेतील मोजक्या शिक्षकांना अल्पकाळाचे शिक्षण मिळाले आणि संगणक हा एका खोलीचा व एका शिक्षकाचा विषय होऊन बसला. भूगोलाच्या किंवा गणिताच्या शिक्षकाला त्या खोलीशी काही कर्तव्य उरले नाही. २००४ च्या सप्टेंबरात खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा भारताचा स्वतःचा उपग्रह सोडला गेला. त्यावरून दूरच्या शिक्षकाला प्रश्नही विचारता येऊ लागले, ही मोठी प्रगती होती. तरी तेराव्या दिवसाचा प्रश्न शिल्लकच राहिला.

महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यातून या प्रश्नाकडे उलट बाजूने पाहणारे उदाहरण पुढे आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले रुजू झाले. गावातील मुलींची घरची भाषा कन्नड असल्याने पुस्तक त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. डिसले यांनी ती भाषा आत्मसात केली, पाठ्यपुस्तकाचे रूपांतर केले आणि पानापानांवर क्यूआर संकेतचिन्हे छापून त्यांच्यामागे ध्वनी, चित्रे आणि कविता ठेवल्या. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ही चिन्हे आली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. येथे क्रम पाहण्याजोगा आहे. आधी मुलांची अडचण, मग भाषा आणि त्यानंतर यंत्र. कोणत्याही वरिष्ठ कार्यालयाने हा क्रम आखून दिला नव्हता. तथापि असा शिक्षक लाखात एक निघेल या भरवशावर शिक्षणखाते चालविता येत नाही; उरलेल्यांसाठी व्यवस्था लागते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही व्यवस्था किती अपुरी होती, ते एका आठवड्यात दिसून आले. तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून शिकविलेल्या बाई हातातील दूरध्वनीपुढे बसून अदृश्य मुलांशी बोलू लागल्या, आणि तो धरावयाचा कसा हे कित्येकींना घरातल्या नातवंडांनी शिकविले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाकाठी किमान ५० तासांचे व्यावसायिक शिक्षण अपेक्षिले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचावरून ‘निष्ठा’चे वर्ग ऑक्टोबर २०२० पासून घरबसल्या मिळू लागले. लाखो शिक्षकांपर्यंत एकाच वेळी पोहोचण्याची ही सोय थोर आहे, यात शंका नाही. परंतु चित्रफीत एका बाजूला चालू आहे, दुसऱ्या बाजूला कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जात आहेत आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घेतले जात आहे, हे दृश्यही घरोघरी दिसले. यात शिक्षकाला दोष देण्याचे कारण नाही. ज्या प्रशिक्षणात त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही आणि त्याच्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही, त्यात त्याने कान द्यावा तरी कशासाठी?

केरळने २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प आरंभिला आणि २०१७ मध्ये ‘काइट’ या शासकीय कंपनीत त्याचे रूपांतर केले. तेथे बाहेरून विक्रेत्यांचे तंत्रज्ञ आणण्याऐवजी वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकांतूनच मुख्य प्रशिक्षक निवडले गेले, आणि मुक्त संगणक-प्रणाली स्वीकारल्यामुळे मलयाळम भाषेत ती वळवून घेणे व बिघाड स्वतः दुरुस्त करणे शिक्षकांना शिकता आले. ज्याला यंत्र उघडून पाहण्याची परवानगी आहे त्याला त्याची भीती वाटत नाही.

महाराष्ट्रात दरमहा भरणारी केंद्राची शिक्षण परिषद हे होशंगाबादच्या गोष्ठीचे आयते घर होऊ शकते. दहा-बारा शाळांचे शिक्षक तेथे एकत्र येतातच. आज त्या दिवसाचा बराच वेळ परिपत्रकांच्या वाचनात आणि माहितीचे तक्ते भरण्यात जातो. ती परिपत्रके आदल्या दिवशी प्रत्येकाच्या दूरध्वनीवर पोहोचलेली असतात. तेव्हा त्यांचे वाचन वगळले तर दोन तास सहज मोकळे होतील. त्या दोन तासांत एका शिक्षिकेने आपल्या वर्गात पडद्यावर दाखविलेला अपूर्णांकांचा पाठ इतरांपुढे पुन्हा घ्यावा, मुले कोठे अडखळली ते सांगावे आणि बाकीच्यांनी पुढच्या महिन्यात तो आपापल्या वर्गात करून पाहावा. शाळेच्या दहा महिन्यांत असे वीस तास भरतात. ते धोरणातील पन्नासांत धरले जावेत, असा आदेश काढावयास नवा निधी लागत नाही.