जुनी आज्ञावली आणि नवें वळण



इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास वारले आणि पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें, हें खानदेशांत सर्वश्रुत आहे. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालचा. त्यांतील 'साधनें' या शब्दावरचा अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनीं गेला. (माझ्या टिपणांत तो अजून आहे, ऐकूं येत नाहीं, एवढेंच.) आज कोणी संगणकावर 'साधने' असें शोधलें, तर यंत्रास जुनीं 'साधनें' सांपडतीलच असें नाहीं. मग असे सारे अनुस्वार एका फटक्यांत कां पुसूं नयेत? कारण 'तें' म्हणजे एक वस्तु, 'ते' म्हणजे अनेक पुरुष. आणि 'नांव' पुसलें कीं नदींतली नाव होते.

जळगांव-धुळ्याकडील जे तरुण संगणकाच्या आज्ञावली लिहितात, त्यांच्यापुढें हाच पेंच असतो. पेढीची आज्ञावली वीस-वीस वर्षें चालते. लिहिणारे निघून जातात. नांवें कशीं ठेवावीं, ओळ किती लांब असावी, याचे संकेत बदलतात. नवा मनुष्य येतो आणि त्यास सारें घर एका रात्रींत सारवावेंसें वाटतें. त्याचा उत्साह मला गैर वाटत नाहीं; एकाच लेखनांत दोन वळणें असलीं कीं वाचणारा अडखळतोच. पण मग प्रत्येक ओळीवर सारवणाऱ्याचें नांव लागतें, आणि ही अट कोणीं, केव्हां, कशासाठीं घातली, तो माग बुजतो. चूक उद्भवते तेव्हां नेमका तोच हवा असतो.

पायथॉन भाषेची २००१ सालची लेखनसंहिता, 'पेप ८', स्वतःच बजावते कीं केवळ आपल्या पालनासाठीं जुन्याशीं असलेला मेळ मोडूं नये. मला पटणारी रीत अशी: नवें लेखन नव्या वळणानें करावें. जुनें बदलायचेंच तर त्या दिवशीं अर्थास हात लावूं नये. काम यंत्राकडून करवावें, त्याची नोंद निराळी ठेवावी, आणि आधींचें व नंतरचें उत्तर ताडून पाहावें. 'गिट' या नोंदवहींत २०१९ पासून अशी निव्वळ वळणाची नोंद वगळून मूळ लेखकापर्यंत पोंचतां येतें. राजवाड्यांच्या खंडांनाही मूळ पान तसेंच राखून शोधापुरती आजच्या लेखनाची सूची जोडावी.

ज्या नांवानें इतर आज्ञावली हांक मारतात, त्याचें मात्र जपावें. तें बदललें तर हांकेस ओ देणारा उरत नाहीं. तेथें जुनें नांव कांहीं वर्षें नव्याच्या जोडीस ठेवावें लागतें.