बदलापूर पट्ट्यात इस्टेट एजंट व्हायचं का?

आजचा भाग रविवारी रात्री रेकॉर्ड करतोय. दिवसभर साइट व्हिजिट करून आलोय, आवाज बसलाय, तेवढं सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी तिघा-चौघांनी थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारला. "दादा, नोकरीत पंधरा-अठरा हजार मिळतात. इथे अंबरनाथ-बदलापूरला जिकडे बघावं तिकडे टॉवर उभे राहतायत. एजंट झालो तर?" एकाने तर थेट लिहिलं होतं की राजीनामा टाईप करून ठेवलाय, फक्त पाठवायचा बाकी आहे. भावा, तो मेल आजच्या पुरता ड्राफ्टमध्येच राहू दे. आधी हे ऐक.

ज्यांनी मला आधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी बीटेक झालोय आणि ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. राहतो बदलापूर पूर्वेला. माझा सख्खा मामा इथे बावीस वर्षं इस्टेट एजंट आहे, स्टेशनजवळ एक छोटा गाळा आहे त्याचा. शनिवार-रविवार मी त्याच्याबरोबर असतो. त्याची वही मी एक्सेलमध्ये आणली आणि त्या नादात महारेराची परीक्षाही दिली. म्हणजे मी पूर्णवेळ धंद्यात नाही, पण आकडे आतून बघितलेत. आज त्याच आकड्यांपासून सुरू करतो.

समजा ३० लाखांचा वन बीएचके विकला गेला. नवीन प्रोजेक्ट असेल तर पैसे बिल्डर देतो, २ टक्के धरा. झाले ६० हजार. ऐकायला मस्त वाटतं. पण पार्टी दुसऱ्या एजंटने आणली असेल तर त्यातले निम्मे त्याचे. उरलेल्या ३० हजारांवर टीडीएस कापला जातो. तो पूर्वी ५ टक्के होता, ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के झालाय, एवढाच काय तो दिलासा. आणि हे पैसे हातात कधी येतात? बुकिंगच्या दिवशी नाही. ॲग्रीमेंट रजिस्टर होणार, बँक लोनचा पहिला हप्ता सोडणार, मग बिल्डरचा अकाउंटंट बिल मागणार. दोन महिने, कधी तीन. तोपर्यंत गाळ्याचं भाडं, पेट्रोल, पोर्टलची मेंबरशिप, पार्टीला पाजलेला चहा, सगळं खिशातून. मामाच्या वहीत मागच्या वर्षी सलग तीन महिने असे आहेत की विक्रीच्या कॉलममध्ये शून्य आहे. त्या महिन्यांत घर चाललं ते भाड्याच्या व्यवहारांवर.

म्हणून नवीन मुलांना मामा एकच सांगतो की भाड्यापासून सुरू करा. एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज, रक्कम छोटी असते, पण लगेच मिळते. शिवाय भाडेकरू तीन-चार वर्षांनी घर घ्यायला निघतो, तेव्हा त्याला तुमचाच नंबर आठवतो. यात अजून एक काम आहे जे बरेच जण फुकट घालवतात, ते म्हणजे ॲग्रीमेंट. लोकांचा ठाम समज आहे की ११ महिन्यांचा करार नोटरी केला की झालं. तसं नाहीये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग तो ११ महिन्यांचा असो नाहीतर ३६. आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. आता हे ऑनलाइन होतं, घरी जाऊन थम घेता येतो. बदलापूरमध्ये मी अशा ताया बघितल्यात ज्या लॅपटॉप आणि थमचं मशीन घेऊन संध्याकाळी एवढंच काम करतात आणि व्यवस्थित कमावतात. ना गाळा, ना बोर्ड.

आता कायद्याचं बघू. रेरा कायदा २०१६ चा, आणि महारेराचं काम मे २०१७ पासून सुरू झालं. त्यात एजंटला नोंदणी सक्तीची आहे, व्यक्तीसाठी फी १० हजार रुपये, मुदत ५ वर्षं. २०२३ पासून त्याआधी ट्रेनिंग आणि परीक्षाही आली. परीक्षा घेते आयबीपीएस, हो, तीच बँकेच्या परीक्षावाली. गल्लीतल्या दलालाला आयबीपीएसची परीक्षा, यावर आमच्याकडे भरपूर विनोद झाले. पण २०२४ मध्ये प्रमाणपत्र न घेतलेल्या हजारो एजंटांची नोंदणी स्थगित झाली, तेव्हा हसणं थांबलं. नोंदणीशिवाय रेराच्या प्रोजेक्टमधलं घर विकलं तर दिवसाला १० हजार दंड लागू शकतो आणि तो वाढत घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ३० लाखांच्या घरावर दीड लाख. कमिशन किती होतं? ६० हजार. करा हिशोब.

आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या प्रोजेक्टचा नंबर 'पी५१७' ने सुरू होतो, एजंटचा 'ए५१७' ने. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, तो ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे. पार्टीला तो स्कॅन करायला लावा, तिच्याच मोबाइलवर. तुमच्या तोंडी शब्दापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

पण नंबर आहे म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. शेजारच्या डोंबिवलीतलं ६५ इमारतींचं प्रकरण तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचे आदेश दिले. आतमध्ये राहणाऱ्यांनी लोन काढलंय, स्टॅम्प ड्युटी भरलीय. त्या घरांच्या साइट व्हिजिटला त्यांना कोणीतरी घेऊन गेलं असेल ना? तो कोणीतरी म्हणजे आपण. त्यातल्या किती एजंटांनी बांधकाम परवानगी घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात एक चक्कर मारली असेल, हा विचार मी ती बातमी वाचल्यापासून सोडू शकलेलो नाही. अर्धा दिवस लागतो, जास्त नाही.

इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण आपल्या तीन शहरांत कागदाची गोष्ट तीन वेगळ्या प्रकारची आहे, आणि हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

उल्हासनगर घ्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. म्हणून आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर चार, बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर तमुक. तिथे तुम्ही सातबारा मागायला गेलात तर समोरचा हसेल. तिथे चालते ती सनद. आणि मूळ मालकाच्या नावावरची सनद, मग कुलमुखत्यारपत्र, मग साध्या स्टॅम्प पेपरवरची खरेदी, मग मुलांमधली वाटणी, अशी साखळी असते. एक कडी तुटली की बँक लोनला नाही म्हणते. जो एजंट ही साखळी पहिल्या दिवशी मागून घेतो तो तीन महिने वाचवतो. तिथले जुने सिंधी ब्रोकर यात इतके तयार आहेत की कागदाचा रंग बघून साल सांगतात. त्यांच्या हाताखाली एक वर्ष काढलं तर ते एमबीएपेक्षा कमी नाही, आणि सिंधीतली चार वाक्यंही येतील.

उल्हासनगरात दुसरं बघायचं ते इमारतीचं वय. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली. त्यानंतर स्ट्रक्चरल ऑडिट हा शब्द घरोघरी पोहोचला. जुन्या इमारतीतला फ्लॅट विकताना ऑडिट झालंय का, हा प्रश्न पार्टीने विचारायच्या आधी तुम्ही मालकाला विचारायचा.

अंबरनाथ त्यामानाने मधलं. १०६० सालचं शिवमंदिर, आयुध निर्माणी, एमआयडीसी, आणि आता चिखलोली स्टेशनच्या नावावर चाललेली विक्री. स्टेशन मंजूर आहे, काम चालू आहे, सगळं खरं. पण "स्टेशन सुरू झालं की भाव डबल" हे वाक्य मी मामाच्या गाळ्यात कोणाला बोलू देत नाही. मेट्रो १४ चंही तेच. कागदावरची लाईन कांजूरमार्गहून बदलापूरला येते. मी मात्र सकाळी लोकलमध्ये एका पायावर उभा असतो. पार्टीला सकाळी आठला स्टेशनवर बोलवा, गर्दी दाखवा आणि मग फ्लॅट दाखवा. त्यानंतरही जो हो म्हणेल तो फिरणार नाही.

आणि बदलापूर, म्हणजे उल्हास नदी. २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवासी बोटींतून बाहेर काढले, ते तर सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. त्याच दिवशी पश्चिमेला बॅरेज रोड, हेंद्रेपाडा भागात तळमजल्यांत पाणी होतं. पूररेषा नकाशावर असते, निळी आणि लाल, पण फ्लॅटच्या जाहिरातीत कुठे असते? तिथे फक्त "रिव्हर व्ह्यू" असतं.

मागच्या उन्हाळ्यातला एक किस्सा सांगतो. नदीच्या बाजूचा तळमजल्याचा रीसेल फ्लॅट होता, नवीन रंग दिलेला, भाव कमी. घ्यायला आले होते एक काका-काकू, लालबागची खोली विकून आलेले. निवृत्तीचे सगळे पैसे त्यात जाणार होते, लोन नाही, काही नाही. काकूंनी स्वयंपाकघरात फ्रिज कुठे ठेवायचा तेही ठरवलं. मामा त्यांना बाहेर घेऊन गेला आणि कंपाउंडच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती ती दाखवली. आतला रंग नवा होता, भिंतीचा नव्हता. म्हणाला, "काका, घर चांगलं आहे, पण पावसात इथे एकदा येऊन बघा आणि मग ठरवा." व्यवहार गेला. दोन्ही बाजूंचं मिळून साठेक हजारांचं ब्रोकरेज गेलं. मालकाने त्याच संध्याकाळी येऊन चावी परत नेली आणि पुढच्या चौकातल्या एजंटला दिली. महिनाभरात तो फ्लॅट विकला गेला.

मी मामाला विचारलं, वाईट नाही वाटलं? तो म्हणाला, "वाटलं की. तुझ्या मामीची एक बांगडी बँकेत होती तेव्हा." मग म्हणाला, "पण मला याच गावात राहायचंय. पाणी भरल्यावर काकू भाजी मार्केटमध्ये भेटल्या असत्या तर?" काका-काकूंनी शेवटी आमच्याकडूनच घेतलं असं काही झालं नाही. त्यांनी डोंबिवलीला मुलीजवळ भाड्याने घेतलं. आम्हाला काहीच मिळालं नाही. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण खरं बोललात तर धंदा वाढतोच, असं सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. कधी वाढतो, कधी नुसताच जातो. तो जायची तयारी असेल, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल, तरच खरं बोलणं परवडतं. रिकाम्या खिशाने या धंद्यात येणाऱ्या मुलाची मला म्हणूनच भीती वाटते. मुलगा वाईट नसतो, पण हप्ता २ तारखेला असतो.

आता माझ्या क्षेत्राबद्दल, कारण हाही प्रश्न आला होता. ॲप आली, एजंट संपणार का? भाड्याच्या बाजारात ॲपने ठाण्या-मुंबईत बरंच काम खाल्लंय, हे खरं. पण बदलापूरचा मालक दादरला राहतो, चावी मामाकडे असते. सोसायटीची एनओसी सेक्रेटरी घरी असतील तेव्हा मिळते. पाणी किती वाजता येतं, लिफ्ट कधीपासून बंद आहे, ही माहिती कुठल्या सर्व्हरवर नाही. तुम्ही कॉम्प्युटरवाले असाल तर ती माहिती नीट लिहून ठेवा, एवढाच तुमचा फायदा. मामाच्या शीटमध्ये मी प्रत्येक इमारतीपुढे चार कॉलम टाकलेत: महारेरा नंबर, ओसी आहे का, सोसायटी झाली का, कन्व्हेयन्स झालं का. ओसीचा कॉलम भरायला आम्हाला चार महिने लागले. पण आता फोन आला की मामा दहा सेकंदांत उत्तर देतो, आणि ओसी असेल तर जीएसटी नाही, नसेल तर छोट्या घरावर १ टक्का, मोठ्यावर ५, तेही तिथेच सांगतो. त्यातच समोरचा अर्धा वळतो.

आणि टोकन. रोख टोकन स्वतःच्या हातात कधीच घेऊ नका, पार्टी कितीही आग्रह करो. नवीन प्रोजेक्टमध्ये ॲग्रीमेंट रजिस्टर करायच्या आधी बिल्डरलासुद्धा १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. चेक थेट त्यांच्या नावाने, तुम्ही फक्त मध्ये उभे.

तर राजीनामावाल्या मित्रा, माझं मत असं. नोकरी ठेव. परीक्षा दे, नोंदणी कर, आणि सहा महिने शनिवार-रविवार एखाद्या जुन्या माणसाबरोबर फीर, निम्म्या कमिशनवर. पाच भाडेकरार आणि एक विक्री पूर्ण तुझ्या हाताने झाली, पैसे बँकेत आले, की मग तो ड्राफ्ट उघड.

पुढच्या भागात उल्हासनगरची सनद सविस्तर घेतोय. कोणाच्या घरी जुने कागद असतील तर नावं झाकून फोटो पाठवा, त्यावरच बोलू.