बचत गटाचा फराळ आणि आपलं पथ्य

दिवाळी तोंडावर आली की वाशीम, रिसोड, कारंजाच्या बाजारात बचत गटांच्या ताया चकली, शंकरपाळे, अनारसे घेऊन बसतात. 1975 साली स्थापन झालेलं 'माविम', म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, आणि अलीकडचं 'उमेद' अभियान यांनी असे कितीतरी गट उभे केले. त्या विक्रीतून कुणाच्या मुलीची फी भरली जाते. म्हणून पथ्यावर असलेल्यानं तिथून तोंड फिरवून जावं, हे मला अजिबात पटत नाही.

आता शंकरपाळ्याचं पाहा. मैदा, साखर, तुपाचं मोहन आणि वरून तळण. एक ग्रॅम साखरेत 4 उष्मांक, तर तेल-तुपात 9. त्यामुळे चार-सहा शंकरपाळे वाटीत काढून घ्यावेत आणि डब्याला लगेच झाकण लावावं. डबा मांडीवर घेऊन टीव्ही पाहायला बसलं की हिशेब राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला 2000 उष्मांक घेणाऱ्यानं वरची साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास 25. चहाचा एक चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम. फराळाच्या दिवशी चहा बिनसाखरेचा घेतला, की बरीच जागा निघते!

गटाकडे पाव किलोचंच पाकीट मागा, चिवडा भाजक्या पोह्यांचा सांगा. आधी सांगितलं तर ताया आनंदानं करून देतात. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर फराळापायी जेवण चुकवू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.