जुन्या इंजिनाची साक्ष

आमच्या मलकापुरासारख्या कापसाच्या गांवांत वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या मोटारीच्या इंजिनावर धूळ, तंतू आणि तेल यांचें जाड पुट चढतें. समजा, तुम्हांस अशी एखादी प्रीमियर पद्मिनी लाभली. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीची ही कुर्ल्याची गाडी. तिचें उत्पादन पुढें थांबलें. नवशिक्याचा हात प्रथम फडक्याकडे जातो. तो आवरावा, हा मळ म्हणजे इंजिनाची साक्ष होय.

इंजिन थंड असतांना बॅटरीची तार सोडावी. तेलाचा ओघळ कोठून निघाला आहे, तें शोधून टिपून ठेवावें. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी शिरलें आहे असें समजावें. चार प्लगांपैकीं एकच तेलानें ओला असेल, तर त्या सिलिंडरांतील पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. प्लगांच्या छिद्रांत थोडें तेल सोडून, गिअर सुटा ठेवून इंजिन हातानें फिरवावें. अडल्यास जोर करूं नये; जोरानें दुरुस्त होणारें इंजिनही मोडतें.

मगच कार्बुरेटरचें तोंड व प्लगांचीं छिद्रें बंद करून ब्रश आणि रॉकेल घ्यावें. तेंही विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेंत. पेट्रोल वापरूंच नये; त्याची वाफ एका ठिणगीनें पेटते.

पाटीवरचें चुकलेलें गणित पुसण्यापूर्वीं तें कोठें चुकलें हें पाहावें, असें आम्ही शिक्षक मुलांस सांगत असूं. इंजिनासही तोच नियम लागू आहे.